विश्रांतीनंतरचा पहिला छर्रा वर का जातो?

तुमच्या घरचं कोणी दहा मीटर एअर रायफलचा सराव करत असेल तर हे चित्र ओळखीचं वाटेल. दहा-बारा छर्रे एकाच भोकातून गेल्यासारखे बसतात, १०.३, १०.५, १०.४ गुण (एका नेमाला जास्तीत जास्त १०.९). मग नेमबाज रायफल स्टँडवर ठेवतो, घोटभर पाणी पितो, मान मोकळी करतो, पुन्हा रायफल खांद्याला लावतो आणि पहिलाच छर्रा बारा वाजताच्या दिशेला, म्हणजे सरळ वर, ९.६. त्याच्या मागचा लगेच १०.४. पुढच्या विश्रांतीनंतर पुन्हा तेच.

माझ्या पुतणीच्या बाबतीत हे श्रावणात सुरू झालं आणि कारण हाती लागेपर्यंत दिवाळी उलटून गेली. मधल्या तीन महिन्यांत आम्ही दोन जातींचे छर्रे बदलले, वजनं केली, नळी साफ केली. तिला शिकवणारे सर तिच्यावर रागावले, घरात बोलणी बसली, पोर दोनदा रडली. ज्या क्रमानं शोधायला हवं होतं त्याच्या अगदी उलट क्रमानं आम्ही शोधलं. इंदूर, देवास, उज्जैनकडे बरीच मुलं आता ही रायफल घेतात, आणि त्यांतली कितीतरी पावसाळ्यात घरीच हातपंपानं रायफलचा हवेचा सिलिंडर भरतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

परदेशात मोठ्या रायफलींची काडतुसं घरी भरणारे नेमबाज असतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, तेव्हा तो प्रश्नच नाही. पण त्या लोकांची एक सवय आपल्या कामाची आहे. गोळी आणि दारू यांचा हिशेब ते वेगवेगळा ठेवतात. मारा वर-खाली होऊ लागला की आधी दारूचं माप आणि नळीतून बाहेर पडतानाचा वेग तपासतात, मग गोळीकडे वळतात. एअर रायफलवाले आपण सगळे गोळीच्या मागे लागतो. छर्रा कुठला, डोकं ४.४९ मिलिमीटर की ४.५०, डब्यावर लॉट कुठला. आपली दारू म्हणजे सिलिंडरमधली हवा, आणि ती दर नेमाला मापून देतो तो रेग्युलेटर. तो आत असतो, दिसत नाही, म्हणून संशयितांच्या यादीत त्याचं नाव शेवटी येतं.

आधी थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे राहील.

दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो; साडेचार मिलिमीटरच्या छर्र्याची कड त्याला टेकली तरी दहा मिळतात. दशांशात मोजताना छर्र्याचा मध्य केंद्रापासून जितका दूर, त्यातल्या दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण कमी होतो. १०.९ म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत. अडीच मिलिमीटरच्या पुढे गेलात की ९.९. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला शेवटचा नेम १०.८ मारला, म्हणजे छर्रा केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. आपण ज्या चुका शोधतो आहोत त्या या मापाच्या आहेत. सुताराच्या पट्टीवर त्या दिसणारसुद्धा नाहीत.

आता वेग. स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगानं निघतो. दहा मीटर जायला त्याला सुमारे ६० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणामुळे जवळपास १८ मिलिमीटर खाली येतो. ही घसरण आपल्याला जाणवत नाही, कारण साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, त्या हिशेबानंच लावलेली असते. पण वेग बदलला की घसरण बदलते. कागदावर मांडून पाहा: सेकंदाला १ मीटर वेग वाढला तर छर्रा सुमारे ०.२ मिलिमीटर वर लागतो. ५ मीटर वाढला तर १ मिलिमीटर, म्हणजे ०.४ गुण. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आमचा सगळा गुंता शेवटी त्यानंच सोडवला.

आम्ही सुरुवात केली ती छर्र्यांपासून. सराफ्यात सोनारांकडे असतो तसला, ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा काटा एका ओळखीच्या माणसाकडून मागून आणला आणि राजेंद्रनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर आठ संध्याकाळी बसून ५०० छर्रे तोलले. रायफलचा स्पर्धेचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. आमच्या डब्यातला सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांच्यात ०.०१ ग्रॅमचा फरक निघाला. तीन वाट्यांत वेगळे केले. एवढ्या कष्टानंतर फरक शून्य. मी नोकरीभर फिटरचं काम शिकवलं, तेव्हा गणित आधीच करायला हवं होतं. हवेनं दिलेली ऊर्जा तीच धरली तर ०.०१ ग्रॅमनं वेग सुमारे दीड मीटरनं बदलतो, म्हणजे लक्ष्यावर ०.३ मिलिमीटर. पुतणीचा छर्रा दोन मिलिमीटर वर जात होता. वजनाच्या फरकात तेवढी ताकदच नाही. शिवाय हलका-जड छर्रा डब्यात कुठेही असू शकतो. तो नेमका पाणी पिऊन झाल्यावरच का हाती येईल?

छर्रे तपासायचेच असतील तर वजनापेक्षा घेर बघा. छर्र्याची मागची पोकळ बाजू शिशाची आणि पातळ असते. स्कूटरच्या डिकीत आदळत आलेल्या डब्यात दर पन्नासात दोन-तीन तरी चेपलेले सापडतात. काचेच्या तुकड्यावर छर्रा आडवा ठेवून हलकेच ढकला. चांगला असेल तर एकसारखी वळणदार वाट धरतो, चेपलेला लडबडतो. चेपलेला छर्रा कुठल्याही दिशेला जातो, फक्त वर नाही. आम्ही आता डबा बॅगेत उभा ठेवतो आणि झाकणाखाली स्पंजचा तुकडा घालतो. आणि हे शिसं आहे. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलांना खायला देऊ नका.

दुसरा संशय पुतणीवर. ‘विश्रांतीनंतर तिचा पवित्रा बदलतो,’ हे सगळ्यांनी सांगितलं, आणि ते पटण्यासारखंही होतं. रायफल उतरवून पुन्हा लावली की गाल थोडा वेगळा टेकतो, डावं कोपर कमरेवर किंचित सरकतं. सरांनी तिला विश्रांतीनंतर पाय न हलवता डोळे मिटून उभं राहायला लावलं, मग डोळे उघडून रायफल आपोआप कुठे रोखली जाते ते बघायला लावलं. सराव उत्तम, सगळ्यांनी करावा. पण ९.६ थांबला नाही.

इथे एक खूण आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही ती वाचली नाही. पवित्रा सरकल्यानं मारा वर जात असेल तर तो एकाच छर्र्यापुरता नसतो. नेमबाजाच्या लक्षात येऊन तो उभं राहणं दुरुस्त करेपर्यंत दुसरा, तिसराही वरच लागतो. आमच्याकडे दर वेळी फक्त पहिला वर, आणि दुसरा काहीही न बदलता जागेवर. माणूस इतका शिस्तशीर चुकत नाही. असं नेमानं चुकते ती यंत्रातली वस्तू.

हे आम्हाला दाखवलं ते एका निवृत्त आर्मररनी. सैन्याचं मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाजीचं पथक, इंदूरजवळच्या महूला आहे, आणि नोकरी संपवून इंदुरात स्थायिक झालेल्यांत शस्त्रं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेली माणसं भेटतात. त्यांनी पुतणीच्या वहीतले आकडे पाहिले आणि एकच वाक्य बोलले, “पहले बंदूक से पूछो, बच्ची से बाद में।” तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. तीन महिने आम्ही सगळे तिलाच विचारत होतो.

रायफलला कसं विचारायचं

बाकावरचा व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवायचा शिकंजा, घ्या, जबड्यांना लाकूड आणि त्यावर जाड नमदा लावा. रायफलचा दांडा मध्यभागी धरा. नळी किंवा सिलिंडर कधीही पकडू नका, दाबानं नळी किंचित वाकते आणि मारा सरकतो. समोर छर्रे अडवणारा पक्का बॅकस्टॉप, डोळ्यांना चष्मा, आणि रेंजवर रायफलच्या पुढे कोणी नाही याची खात्री. पाच-सात छर्रे मारून रायफल जबड्यात बसू द्या. मग सलग दहा. चांगली रायफल आणि तिला मानवणारा छर्रा असेल तर दहाच्या दहा मिळून ५ ते ६ मिलिमीटरचं एकच भोक दिसतं, बाहेरून बाहेर मोजलेलं. छर्राच ४.५ मिलिमीटरचा, हे लक्षात घ्या.

आमचं भोक साडेपाच मिलिमीटरचं आलं. सगळे म्हणाले, रायफल निर्दोष. आर्मरर म्हणाले, आता चहा पिऊन येऊ. दहा मिनिटांनी कोणी कशाला हात न लावता एक छर्रा मारला. तो वर गेला, दोन मिलिमीटर. पुढचा पुन्हा भोकात.

क्रोनोग्राफ म्हणजे वेग मोजायचं यंत्र. रेंजवर कोणाकडे तरी असतं, मागून आणा. आमच्या वहीत त्या दुपारचं असं लिहिलं आहे: लागोपाठ मारताना १७१ ते १७३. अर्धा मिनिट थांबून १७३. दोन मिनिटं थांबून १७६. दहा मिनिटं थांबून १८१. जितकं थांबाल तितका वेग जास्त, आणि दुसऱ्या छर्र्याला पुन्हा १७२. नऊ मीटरचा फरक गुणिले ०.२, म्हणजे पावणेदोन-दोन मिलिमीटर. १०.४ चा ९.६, ९.७ कसा होतो ते तिथे उघडं पडलं.

आत काय घडत होतं ते असं. सिलिंडरमध्ये २०० बार दाब, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशेपट. रेग्युलेटर त्यातून ठरावीक, बराच कमी दाबाची हवा पुढच्या छोट्या कप्प्यात सोडतो आणि कप्पा भरला की झडप बंद करतो. ही झडप एका छोट्या सीटवर टेकते. सीटवर कण बसला, चरा पडला किंवा गंज आला की झडप पूर्ण मिटत नाही. नळाचा वॉशर झिजला की थेंब-थेंब गळतो, तसंच. लागोपाठ मारताना गळायला वेळच मिळत नाही, सगळं ठीक दिसतं. थांबलं की कप्प्यातला दाब हळूहळू चढतो आणि पहिल्या छर्र्याला जास्त हवा मिळते. जाणकार याला रेग्युलेटर क्रीप म्हणतात. बाहेर कुठे फुसफुस ऐकू येत नाही, सिलिंडरचा गेज उतरत नाही, म्हणून संशयही येत नाही.

यावर नेमबाजाकडे स्पर्धेत उपाय नसतो. ७५ मिनिटांत ६० नेम, मोजणीचे नेम सुरू झाल्यावर चाचणीचे छर्रे मारता येत नाहीत. ड्राय मोडमध्ये, म्हणजे नुसत्या सरावासाठी, घोडा दाबला तर हवा सुटतच नाही, चढलेला दाब तसाच राहतो. छर्रा न घालता नुसती हवा सोडावी तर तो नेम शून्य धरतात. साइट खाली घेऊन एक नेम मारायचा आणि पुन्हा वर आणायची, असंही कोणी सुचवलं. मुळीच करू नका. किती थांबलो यावर दाब ठरतो, त्याला साइटच्या क्लिकचं माप लावता येत नाही, आणि पोरीच्या डोक्यात एक नवा घोळ बसतो.

आजार कुठून आला? आमच्या बाबतीत हातपंप आणि पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरची हवा किती ओली असते ते वाळत घातलेले कपडे सांगतात. तीच हवा दोनशेपट दाबली की तिच्यातलं पाणी सुटून येतं. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर नसेल, किंवा त्यातले दाणे कधीच बदललेले नसतील, तर ते पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि हवेबरोबर पुढे रेग्युलेटरपर्यंत पोचतं. आमच्या फिल्टरमधले दाणे दोन वर्षं तेच होते. दुरुस्ती करणाऱ्यानं रेग्युलेटर उघडला तेव्हा सीटवर पांढुरका थर होता.

आता आम्ही पाण्याखाली पोहणाऱ्यांच्या टाक्या भरतात तसल्या, फिल्टर लावलेल्या कॉम्प्रेसरची हवा घेतो. पंपच वापरायचा असेल तर पन्नास-साठ दट्टे झाले की थांबा, पंप थंड होऊ द्या, पाणी सोडायचा स्क्रू असेल तर सोडा, आणि दाणे रंग बदलले की बदला. सिलिंडर सावकाश भरा. घाईनं भरलेली हवा तापते, गेजवर २०० दिसतात आणि निवल्यावर तेच १८५ होतात. भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका: २० अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर ६० अंशांवर २२५ च्या पुढे जातो. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते, ती संपली की तो वापरातून काढा. स्पर्धेत तर तो चालतच नाही.

रेग्युलेटर स्वतः उघडू नका. मी चाळीस वर्षं हातात पाना धरला आहे आणि तरीही उघडला नाही. दाबाखालचा भाग आहे, सील नेमक्या मापाचे लागतात, आणि साधं तेल दाबाच्या हवेजवळ गेलं तर पेट घेऊ शकतं. जाणत्या माणसाकडे द्या आणि सोबत वेगाचे आकडे लिहून द्या: लागोपाठचे दहा, मग दोन मिनिटांनंतरचा, मग दहा मिनिटांनंतरचा. ‘कधीकधी वर जातं’ एवढंच सांगितलंत तर तो दुकानात लागोपाठ दहा छर्रे मारून ‘काही झालेलं नाही’ म्हणून परत देईल. आम्हाला एकदा तसंच परत मिळालं होतं.

तुमचं दुखणं वेगळं असू शकतं

मारा फक्त वर नसेल तर रेग्युलेटरच्या मागे लागू नका. सत्राच्या शेवटाकडे छर्रे एकेक करून खाली उतरू लागले तर सिलिंडर संपत आलाय. आम्ही १०० बारखाली जाऊ देत नाही. रात्रभर पडून असलेल्या रायफलचा पहिला छर्रा खाली, बाकी ठीक, तर झडपेचं सील चिकटतंय. दोन-चार नेमांत सुटतं, वाढत गेलं तर दुरुस्तीला द्या. लक्ष्यावर दोन वेगळे झुबके दिसले तर काहीतरी सैल आहे आणि दोन जागांवर बसतंय: मागची साइट, पुढच्या साइटचं वर्तुळ, दांड्याचे स्क्रू, या क्रमानं हात लावून पाहा. नळी साफ केल्यानंतर पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे गेले तर घाबरू नका, नळीला पुन्हा शिशाचा पातळ लेप बसावा लागतो. याच कारणासाठी स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळी साफ करू नये.

आडवी पसरण असेल तर आधी खोलीतला वारा बघा. आमच्या तळघरातल्या रेंजवर उन्हाळ्यात डाव्या भिंतीला कूलर लावतात. अर्ध्या ग्रॅमचा चपट्या तोंडाचा छर्रा, त्याला झुळूकही पुरते. कूलर सुरू आणि बंद असे दहा-दहा छर्रे व्हाइसमधून मारून पाहा, वाद मिटेल. पावसाळ्यात कागदी लक्ष्याचंही एक आहे. ओलसर झालेला कागद स्वच्छ कापला जात नाही, भोकाची कड फाटते आणि १०.० चा नेम ९ दिसतो. लक्ष्यांचा गठ्ठा आम्ही आता घरून डब्यात नेतो.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही एकाच रविवारी छर्रे बदलले, नळी साफ केली आणि सिलिंडरही ताजा भरला. त्या दिवशी ती फारशी थांबली नाही, गुण चांगले आले, आणि आठवडाभर आम्ही नव्या छर्र्यांचे गोडवे गात राहिलो.

दुरुस्तीनंतर व्हाइसमध्ये पुन्हा मोजलं. लागोपाठ १७१ ते १७३, दहा मिनिटांनंतर १७३. मग तिनं खांद्यावर घेऊन पूर्ण ६० मारले आणि मध्ये मुद्दाम चार वेळा पाणी प्यायली. बारा वाजताचा एकही नाही. डावीकडे, नऊ वाजताच्या दिशेला जाणारे तीन मात्र होते. ते व्हाइसमध्ये कधीच दिसले नाहीत, म्हणजे ते तिचेच. “हे माझे आहेत काका,” ती म्हणाली आणि वहीत त्यांच्यापुढे स्वतःच्या नावाचं आद्याक्षर लिहिलं. सर आता तिच्या बोटाच्या दाबावर काम करताहेत.